दोन बोटं अत्तर

"काय रे बाबू, शिशीच सांडली काय अंगावर?" एसटीत शेजारच्या आजीनं नाकाला पदर लावला.

मला तर वासच येत नव्हता! म्हणून तर निघताना दोन बोटं जास्तच चोळलं होतं.

हेच अत्तर जानेवारीच्या थंडीत कुणाला कळतही नव्हतं. आता मे, पारा 44 वर. तापल्या अंगावरून ते भराभर उडतं, म्हणून हा भपकारा. आणि माझं नाक? रोजच्या वासाला सरावलेलं. गोठ्याचाही वास मला येत नाही, पुण्याच्या भाच्याला मात्र फाटकातच येतो.

आजी उतरताना म्हणाली, "आमच्या कूलरच्या वाळ्याचंबी असंच. पाहुणा आला का तोच सांगते, वास येऊन रायला म्हणून."

तुमच्या घराला कसला वास येतो, ठाऊक आहे तुम्हाला?