फॉर्ममधला माझा रकाना

आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक लांब रजिस्टर असतं, दोनशे पानी, आणि त्याला पेन दोऱ्याने बांधलेलं. दोऱ्याची कल्पना आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, कारण येणारा माणूस लिहायला पेन घ्यायचा आणि बोलता बोलता खिशाला लावून निघून जायचा. फोन आला की तारीख, नाव, गल्ली आणि काम काय ते मी लिहून घेते. ड्रेनेज चोकअप. स्ट्रीटलाइट तीन दिवस बंद. फांदी वायरवर आलीय. घंटागाडी आली नाही. ज्या गुरुवारी पाणी बंद असतं त्याच्या दुसऱ्या दिवशी तर पान पुरत नाही, पेपरात छापून येतं 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल', आणि उशिरा म्हणजे नक्की किती वाजता हे लोक मला विचारतात. मी व्हॉल्व्ह सोडणाऱ्या दादांना फोन लावून विचारते आणि मग परत सगळ्यांना सांगते. हे 2017 च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा पुणे महापालिकेत नगरसेवक म्हणून निवडून आले तेव्हापासून अशी अकरा रजिस्टरं भरलीत, सगळी माळ्यावर ठेवलीत, एकही टाकलेलं नाही.

आज लिहायला बसले ते 2025 च्या डिसेंबरातल्या, महापालिका निवडणुकीच्या वेळच्या एका कागदामुळे. उमेदवारी अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यात उमेदवाराच्या बायकोचंही सगळं येतं हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. बँकेत किती, एफडी किती, पोस्टात किती, सोनं किती ग्रॅम. ते असलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, ज्याला मत द्यायचं त्याच्या घरात काय आहे हे लोकांना कळायला हवं. वकील टाइप करून प्रिंट घेऊन आले, हे म्हणाले एकदा नजर टाक, मी डायनिंग टेबलवर बसून वाचलं. पत्नीचा व्यवसाय : गृहिणी. पत्नीच्या उत्पन्नाचा स्रोत : निरंक.

मी ते दोनदा वाचलं. चूक काहीच नव्हती. मला पगार नाही, दुकान ह्यांचं आणि माझ्या दिराचं आहे, मग दुसरं काय लिहिणार. पण 'निरंक' या शब्दापाशी माझं बोट थांबलं ते थांबलंच. मागे रजिस्टर उघडं होतं आणि त्यात त्याच दिवसाच्या माझ्या अक्षरातल्या चौदा नोंदी होत्या.

25 सप्टेंबर 2019 ची रात्र आमच्याकडे कुणी विसरू शकत नाही. आम्ही आंबिल ओढ्याच्या बाजूला राहतो. रात्री दहाच्या पुढे पाऊस असा कोसळायला लागला की समोरची बिल्डिंग दिसेना, आणि मग फोन सुरू झाले. हे शर्टाची बटणं लावत लावत खाली उतरले, दोन पोरं बरोबर, आणि त्यानंतर पहाटे सव्वातीनपर्यंत ह्यांचा मोबाइल लागला नाही. लोकांना तो लागत नव्हता म्हणून सगळे घरच्या नंबरवर करत होते. मी उचलत होते, लिहीत होते, अग्निशमनच्या 101 ला लावत होते, तो एंगेज, परत लावत होते. एक ताई, बैठ्या घरात राहणाऱ्या, त्यांचा पहिला फोन आला, वहिनी पाणी उंबऱ्यावर आलंय. वीस मिनिटांनी दुसरा आला, वहिनी ओट्यावर आलंय, पोरांना माळ्यावर चढवलंय. मी म्हटलं तुम्हीपण चढा, फोन ठेवू नका, आणि फोन कट झाला. तिसरा फोन आलाच नाही. मी त्यांचं नाव लिहिलं होतं त्याच्याभोवती रात्रभर पेन फिरवत बसले, ते पान अजून आहे, तिथे कागद फाटायला आलाय. पहाटे आमच्या जिन्यात आणि वरच्या दोन मजल्यांवर मिळून पन्नासेक माणसं होती, मी आणि शेजारच्या काकूंनी घरात होतं नव्हतं तेवढ्या तांदळाची खिचडी टाकली. सकाळी शाळेच्या हॉलमध्ये त्या ताई दिसल्या, ओल्या साडीत, दोन्ही पोरं मांडीवर. त्यांनी मला पाहिलं आणि माझा हात धरला, बोलल्या काहीच नाहीत. त्या रात्री ओढ्याकाठची कितीतरी माणसं परत आली नाहीत, त्यांच्या घरी पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं जात होतो.

तर या सगळ्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.

मग 2021 चा एप्रिल. त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. बेड, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, रात्री दोनला फोन, पहाटे पाचला फोन. नाव लिहायचं आणि पुढे काम झालं की टिक करायची ही माझी पद्धत, त्या रजिस्टरात काही नावांपुढे टिकपण नाही आणि फुलीपण नाही, मी तिथे काही करूच शकले नाही.

आईपण त्याच वर्षी गेल्या, नोव्हेंबरात, वयाने गेल्या. सकाळी सातला गेल्या आणि आठपर्यंत हॉल, जिना, खालचं पार्किंग माणसांनी भरलं. लोक प्रेमाने आले होते, आईंना सगळा भाग ओळखायचा, पण मला आत जाऊन त्यांच्याजवळ पाच मिनिटं नुसतं बसायचं होतं आणि ते जमलं नाही. कोण कुठून आलंय, कुणाला खुर्ची द्यायची, चहा कितीजणांचा ठेवायचा, मी मोजत होते. वैकुंठ स्मशानभूमीतून सगळे परत आले, आंघोळी झाल्या, नंतर रात्री अकरा वाजता मी त्यांच्या खोलीत गेले, त्यांचा चष्मा उशीखाली होता, तो घेतला आणि तेव्हा मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. भेटायला आलेल्या माणसाचं कामही होतं, नळाचं.

मला कुणाचा राग नाही. दार उघडं ठेवायचं हे आम्ही दोघांनी ठरवलेलं. पण उघड्या दाराच्या घरात आपलं असं काय राहतं हा प्रश्न मला पडतो आणि तो मी ह्यांना एकदाच विचारला, लग्नाच्या वाढदिवसाला, डेक्कनला जेवायला गेलो होतो तेव्हा. ह्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ उठून आले, भाऊ आमच्या सोसायटीसमोरचा स्पीडब्रेकर. उत्तर राहूनच गेलं. मुलीच्या दहावीच्या वर्षी मी तिला अभ्यासाला माझ्या माहेरी, सदाशिव पेठेत ठेवली होती, आमच्याकडे तिला सलग अर्धा तास मिळायचा नाही.

14 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आले. ओबीसी आरक्षणाचा निकाल, प्रभागरचना, सगळं कोर्टात अडकलं आणि निवडणूक लागता लागता जवळजवळ चार वर्षं गेली. या चार वर्षांत पुण्यात नगरसेवकच नव्हता. हे लोकांना कागदावर माहीत होतं पण सवय कुठे जाते, फोन तसेच येत राहिले. फरक एवढाच पडला की आधारच्या फॉर्मवर नगरसेवकाची सही-शिक्का चालतो, माजीचा चालत नाही. भाड्याने राहणाऱ्या बायका यायच्या, पत्ता बदलायचाय, वहिनी भाऊंची सही घ्या ना, आणि मला सांगावं लागायचं की आता आमची सही चालत नाही, आमदारांच्या ऑफिसला जा. ते सांगताना मला स्वतःलाच कसंतरी व्हायचं. क्षेत्रीय कार्यालयात ह्यांचा फोन आधी लगेच घ्यायचे, मग 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' सुरू झालं, तरी हे स्वतः जाऊन उभे राहायचे आणि जमेल तेवढं करून आणायचे. मानधन बंद, दुकानाकडे पाच वर्षं दुर्लक्ष झालेलं, आणि त्याच वर्षी मुलीची इंजिनीअरिंगची अ‍ॅडमिशन. तेव्हा मी माझ्या पाटल्या मोडल्या. चार तोळ्यांच्या, माहेरच्या. ह्यांना नंतर सांगितलं.

हे सांगायचं कारण म्हणजे अर्ज भरल्यावर दोनच दिवसांत आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरला. 2017 ला वहिनींचं सोनं सहा लाखांचं, आता बावीस लाखांचं, कुठून आलं विचारा. खाली दोन्ही प्रतिज्ञापत्रांचे फोटो, माझ्या नावाला लाल गोल करून. आकडे खरे होते. पण त्याच फोटोत ग्रॅमचा रकाना होता तो कुणी वाचला नाही. 2017 ला 220 ग्रॅम, आता 180. अर्ज भरायच्या आधी लक्ष्मी रोडवरच्या आमच्या नेहमीच्या सराफाकडे मी डबा घेऊन गेले होते, मंगळसूत्र, बांगड्या, तोडे, ठुशी, आईंची मोहनमाळ, त्यांनी एकेक वजनकाट्यावर ठेवलं आणि बेरीज झाल्यावर म्हणाले, वहिनी पाटल्या राहिल्या का घरी. मी नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही, व्हॅल्युएशनचा कागद तयार करून दिला आणि मोहनमाळ मऊ फडक्याने पुसून परत डब्यात ठेवली.

सोन्याचा भाव चार पटींच्या वर गेला, माझं सोनं चार तोळ्यांनी कमी झालं, आणि मेसेज गेला तो वाढल्याचा. मला उत्तर द्यायचं होतं. कार्यकर्ते म्हणाले वहिनी नका, वाढेल विषय. मी गप्प बसले, पदयात्रेत गल्लीगल्लीतून हात जोडत फिरले, आणि ओवाळायला आलेली प्रत्येक बाई माझ्या गळ्याकडे बघतेय असं मला वाटत राहिलं. बहुतेकजणी बघत नसतीलही. पण ते तेरा-चौदा दिवस मी मंगळसूत्राशिवाय अंगावर काही घातलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते दागिने माझ्या आईने आणि सासूने मला घालायला दिलेत.

संक्रांत 14 जानेवारीला आणि मतदान 15 ला. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी संक्रांतीला हळदीकुंकवाचं कुणाला बोलावलं नाही, आचारसंहिता, वाण दिलं तरी तक्रार झाली असती. 16 तारखेला निकाल लागला. आमच्या प्रभागातल्या चौघांच्या पॅनेलमधली एक उमेदवार ताई निवडून आली, हे पडले. काउंटिंगच्या सातव्या फेरीनंतरच हे मला फोनवर म्हणाले, जेवायला घरी येतो. वर्षानुवर्षांत दुपारी दीडला घरी जेवलेले नव्हते. मी भात लावला, आमटी केली. आम्ही दोघंच जेवलो. ह्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला आणि म्हणाले, मीठ बरोबर आहे आज. मी म्हटलं रोजच असतं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं पण आम्ही जेवण पूर्ण केलं.

शनिवारी फोन वाजला नाही. रविवारी दोन वाजले, दोन्ही नातेवाइकांचे. मी रजिस्टरपाशी उगाच जाऊन आले.

रथसप्तमी 25 ला होती, त्याच्या आदल्या दिवशी मी हळदीकुंकू केलं. मुलगी म्हणाली आई या वर्षी राहू दे, कुणी आलं नाही तर तुला त्रास होईल. दरवर्षी तीनशेच्या वर बायका येतात, मंडप घालावा लागतो. या वेळी मी घरातच केलं, स्टीलच्या पन्नास गाळण्या आणल्या वाणाला. ठुशी घातली, तोडे घातले, मोहनमाळ घातली. एकेचाळीसजणी आल्या. ओढ्याकाठच्या त्या ताईपण आल्या, आता त्या वर कात्रजला राहतात, दोन बस बदलून आल्या. तिळगूळ हातावर ठेवताना त्यांनी मोहनमाळेला बोट लावलं आणि म्हणाल्या, आजींची ना, त्या आरतीला घालायच्या. एवढंच म्हणाल्या. मला भरून आलं.

काल सकाळी एक सूनबाई आली, नुकतंच लग्न झालेलं, आधारचा फॉर्म हातात. तिला माहीतच नव्हतं की ह्यांची सही चालत नाही. मी तिला बसवलं, चहा दिला, आणि नव्या नगरसेवकांच्या घरचा नंबर लावला. निवडणुकीत समोरासमोर होतो, महिनाभर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. त्यांच्या मिसेसनी उचलला. मागे कुकरची शिट्टी, लहान मूल रडतंय, बेल वाजतेय. मी माझं नाव सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, बोला ना वहिनी. मी म्हटलं एक मुलगी पाठवतेय, आधारची सही हवीय. त्या म्हणाल्या, नाव सांगा, लिहून घेते, एक मिनिट हं, पेन इथेच होतं, सकाळपासून तिसरं पेन गेलं बघा कुणीतरी घेऊन.

मी त्यांना म्हटलं, दोरा घ्या आणि वहीला बांधून टाका.