कोरे राहिलेले दोन चौकोन

स्पेनमधल्या सारिया गावाहून सान्तियागोच्या यात्रेला, म्हणजे संत याकोबाच्या कबरीकडे, पायी चालायला लागले तेव्हा २०१८चा मे महिना होता. गळ्यातल्या पिशवीत क्रेदेन्सियाल होतं, म्हणजे यात्रेकरूचं घडीचं पुस्तक. त्यात नुसते चौकोन असतात. वाटेतल्या चर्चमध्ये, धर्मशाळेत, कॉफीच्या दुकानात शिक्के मारून मिळतात. तेव्हाचा नियम असा, की शेवटचे १०० किलोमीटर सलग पायी चालायचे, दिवसाला निदान दोन शिक्के घ्यायचे, मग सान्तियागोला 'कोम्पोस्तेला' हे लॅटिनमधलं प्रमाणपत्र हातात पडायचं. सारियाहून अंतर साधारण ११५ किलोमीटर. हिशेबात बसत होतं.

हिशेब हा शब्द मुद्दाम लिहितेय. आई चार वर्षं अंथरुणाला होती. तिचं सगळं मीच केलं. त्या काळात रविवारची मिस्सा चुकवली नाही की उपवास मोडला नाही. ती गेली आणि माझ्या मनाने घेतलं, की देवाकडे माझं काहीतरी निघतं. प्रार्थना चालूच होती, पण ती वसुलीची.

गालिसिया या प्रांतातली वाट पहिले दोन दिवस सोपी गेली. शेवाळलेल्या दगडी भिंती, ओक आणि चेस्टनटची सावली, शेताकडेला उंच खांबांवरच्या धान्याच्या कोठ्या. वाटेवरच्या दगडी खुणांवर उरलेलं अंतर मीटरपर्यंत कोरलेलं. पोर्तोमारीन हे गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्याआधी, १९६०च्या सुमारास, तिथलं जुनं चर्च दगड न् दगड सोडवून वर टेकडीवर पुन्हा उभारलं गेलं. दगडांवर तेव्हा घातलेले आकडे अजून दिसतात. मी ते आकडे शोधत बराच वेळ उभी होते.

तिसऱ्या दिवशी पलास दे रेई सोडल्यावर टाचेवरचा फोड फुटला. मेलिदेपर्यंतचे पंधरा किलोमीटर कसे काढले ते माझं मलाच माहीत. धर्मशाळेच्या दारातल्या बाकावर बसून बूट काढला, तर मोजा रक्ताने चिकटलेला. धर्मशाळा सांभाळणारी बाई साठीच्या पुढची असेल. तिने बघितलं, आत गेली आणि घमेल्यात कोमट पाणी घेऊन आली. मीठ टाकलेलं. माझ्यासमोर जमिनीवर बसून तिने हात पुढे केले आणि मी पाय मागे घेतला. "नो, नो." ती म्हणाली, "त्रांकिला," म्हणजे शांत राहा, आणि घोटा धरून पाय पाण्यात ठेवला. मोजा भिजेपर्यंत थांबली, मग एकेक धागा सोडवावा तसा तो हलक्या हाताने उतरवला.

आईचे पाय मी रोज संध्याकाळी असेच कोमट पाण्यात घ्यायचे. "राहू दे गं," म्हणून ती पाय आखडायची, आणि मला राग यायचा. इतकं करतेय, तर नीट करू तरी द्यावं. त्या बाकावर माझाही पाय तसाच आखडला होता. चार वर्षं, रोज, आईने मला ते करू दिलं. माझ्या वहीत ते सगळं माझ्या नावावर जमा होतं. तिच्या नावावर मी काहीच लिहिलं नव्हतं.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही नकोच म्हणाला होता. योहानाच्या शुभवर्तमानातला तो उतारा मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण नेहमी धुणाऱ्याच्या बाजूने. आपण सेवा करावी, एवढंच त्यातून घ्यायचे. पेत्राच्या जागी मी कधी बसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी चालायचा हट्ट धरला, पण त्या बाईने ठाम मान हलवली. आर्सुआकडे निघालेल्या एका भाजीच्या गाडीत तिने मला बसवून दिलं. चौदा किलोमीटर मी काचेतून बघत होते. झाडांवर, भिंतींवर, रस्त्याच्या कडेला पिवळे बाण. ओ सेब्रेइरोचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८०च्या दशकात ही वाट अशा बाणांनी रंगवत आणली. त्यांना मी भेटले नाही, भेटणंही शक्य नव्हतं, १९८९ मध्ये ते वारले. तरी तीन दिवस प्रत्येक फाट्यावर त्यांनीच मला वाट दाखवली होती आणि मी ते शिक्क्यांत धरलं नव्हतं.

आर्सुआत पाय वर घेऊन मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचला. द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांनाही पुरी मजुरी मिळते, आणि दिवसभर राबलेले कुरकुरतात, तो दाखला. ती कुरकुर मला ओळखीची वाटली. त्याच अध्यायात पुढे जब्दीच्या मुलांची आई येते आणि दोन्ही लेकांसाठी येशूच्या उजवी-डावीकडची जागा मागते. त्यांतला एक येशूचा शिष्य याकोब. ज्याच्या कबरीकडे मी निघाले होते, तोच हा. त्याच्याही घरात मोजमाप होतं तर! पुढे हेरोद राजाने त्याला तलवारीने मारलं, तेव्हा कुणी जागेचं विचारलं नव्हतं.

त्या दिवसाचे दोन चौकोन मी कोरेच ठेवले. शिक्का मागितला असता तर मिळाला असता. उरलेले जवळजवळ चाळीस किलोमीटर सँडल घालून, लंगडत, तीन दिवसांत केले. वाटेत ज्याने जे दिलं ते घेतलं. एका मुलाने पाठीवरची पिशवी घेतली, कुणी अर्धं संत्रं दिलं. नको म्हणायचं तोंडावर यायचं, तेवढ्यात आई आठवायची.

त्या वर्षी तीन लाखांहून जास्त लोकांना कोम्पोस्तेला मिळालं. मी त्या रांगेत गेले नाही, थेट कॅथेड्रलमध्ये गेले. वेदीच्या मागच्या अरुंद पायऱ्या चढून संत याकोबाच्या पुतळ्याला पाठीमागून मिठी मारायची तिथे पद्धत आहे. घरून निघताना तिथे बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं. पुतळ्याच्या खांद्यांवर हात टाकले आणि "आले" एवढंच म्हटलं. मागे माणसं उभी होती, म्हणून पुढे सरकले.