तिसरा स्ट्राइक, पण आऊट नाही

नेरुळच्या त्या मैदानावर हिवाळ्यात सकाळी बराच वेळ दव असतं. फक्कीच्या रेषा ओल्या मातीत छान बसतात, पण बॅटर जिच्याजवळ उभी राहते त्या होम प्लेटच्या मागची माती मऊ राहते. मी सॉफ्टबॉलची पंच; ठाण्याहून पहिल्या गाड्यांपैकी एक लोकल पकडून येते आणि मास्क, पॅड काढायच्या आधी ती माती पायानं दाबून बघते. तिथे टप्पा पडला तर चेंडू उसळेल की बसेल, हे मला आधी माहीत असावं लागतं. त्या दिवशी माती दबत होती.

सामना १९ वर्षांखालच्या मुलींचा, दोन ज्युनिअर कॉलेजांचा. पहिल्या इनिंगलाच लक्षात आलं की आज बॅटचं काही खरं नाही. एका संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, उंच, बारीक, डावखुरी. हात पूर्ण गोल फिरवून कमरेजवळून चेंडू सोडायची आणि तो गुडघ्याच्या उंचीवर येता येता प्लेटपाशी अचानक खाली बसायचा. ड्रॉप बॉल मी खूप पाहिलेत, इतका उशिरा पडणारा क्वचितच.

बेसबॉलमध्ये पिचर साडेसाठ फुटांवर असतो. महिला सॉफ्टबॉलमध्ये हे अंतर ४३ फूट, आणि पाय पुढे टाकून चेंडू सुटतो तेव्हा तेही कमी झालेलं असतं. बॅटरला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ मिळतो. प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या खांद्यामागे वाकलेल्या आम्हा पंचांनाही तेवढाच. ड्रॉप बॉलला तर फसायला फार होतं. कॅचर तो घोट्यापाशी पकडते, बघणाऱ्यांना वाटतं खाली होता. पण चेंडू कुठे पकडला याला अर्थ नाही, १७ इंचांच्या त्या प्लेटवरून तो कुठल्या उंचीनं गेला एवढंच मोजायचं. नीट उंचीनं गेला किंवा बॅटर फिरून चुकली तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. म्हणून माझी एक सवय आहे. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये, म्हणजे हातमोज्यात, पूर्ण विसावेपर्यंत गप्प राहायचं, मग हात उचलायचा. नव्या पंचांना मी हेच पहिल्यांदा शिकवते. डोळ्यांचं काम संपल्याशिवाय तोंड उघडू नका.

समोरची पिचरही चांगली होती. चौथ्या इनिंगमध्ये एक वॉक (चार बॉलवर मिळालेला बेस), एक बंट (बॅटनं हलकेच थोपवलेला चेंडू), एक सुटलेला चेंडू, एवढ्यावर तिच्याविरुद्ध एक धाव झाली. बाकी सामना डावखुरीचाच. पाचव्या इनिंगनंतर नजर लागू नये म्हणून तिच्या बाकावर कुणी तिच्याशी बोलेना. मी स्कोअररकडे बघायचं टाळलं, पण आकडा मलाही ठाऊक होता. एकही बॅटर पहिल्या बेसवर पोचलेली नव्हती. सात इनिंगांत २१ बॅटर ओळीनं बाद केल्या की परफेक्ट गेम. मी पंच म्हणून एकही पाहिला नव्हता.

सातवी इनिंग, दोन आऊट. विसावी बॅटर नुकतीच तीन चेंडूंत गेलेली. एकविसावीवर दोन स्ट्राइक, तिसऱ्यावर बाद. पुढचा चेंडू तिनं आजवरचा सर्वांत खोल टाकला. बॅटर जोरात फिरली आणि चुकली. कॅचरनं मिट जमिनीला लावून चेंडू घेतला, उभी राहिली, दोन्ही हात वर!

मी स्ट्राइकचा हात केला. आऊट म्हटलं नाही.

चेंडू मिटच्या जेमतेम चार बोटं पुढे मातीत पडला होता. कोरडी माती असती तर धूळ उडाली असती, सगळ्यांना दिसलं असतं. ओल्या मातीनं आवाजही केला नाही. तिसरा स्ट्राइक कॅचरनं थेट झेलला तरच बॅटर बाद होते. तो टप्पा पडून आला, आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आऊट असतील, तर तिला पळायचा हक्क आहे. तिला बाद करायला चेंडू तिच्या अंगाला लावावा लागतो, नाहीतर तिच्या आधी पहिल्या बेसवर पोचवावा लागतो. मी हे कुणालाही सांगू शकत नव्हते. एका बाजूला सांगणं म्हणजे दुसऱ्या बाजूचा सामना घेणं.

पिचर उड्या मारत पुढे आली. पहिल्या बेसची मुलगी जागा सोडून तिला मिठी मारायला धावली. कॅचर चेंडू हातात घेऊनच त्या घोळक्यात शिरली. आणि तिसऱ्या बेसजवळ उभे असलेले समोरचे सर ओरडले, "अगं पळ! पळ!" बॅटर क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मी आऊट दिलेला नाही हे तिला दिसलं आणि ती सुटली. दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपनं किंचाळून सगळ्यांना सावध केलं तोवर ती दुसऱ्या बेसवर उभी होती.

डावखुरीचे सर धावत आले. चिडले होते, पण भाषा नीट होती. "मॅडम, कॅच होता तो. पोरीनं एवढं केलंय, तुम्ही बघताय ना?" मी म्हटलं, "सर, टप्पा होता." त्यांनी बेसवरच्या पंचांना विचारायची विनंती केली. आम्ही दोघं बाजूला गेलो. ते म्हणाले, "पडला होता. मला इथून दिसला." मातीत उमटलेली शिवणीची खूण मी पाहिली होती, पण आता त्यावरून पाच-सहा जणींचे बूट गेले होते.

खरं सांगते, निर्णय पक्का असूनही माझे पाय हलके झाले होते. २ जून २०१०ची, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या बेसबॉल सामन्याची गोष्ट आम्हा पंचांना पाठ असते. पिचर अर्मांडो गालारागानं २६ बॅटर ओळीनं बाद केले होते. सत्ताविसावा, म्हणजे परफेक्ट गेमसाठी उरलेला शेवटचा बॅटर, पहिल्या बेसवर स्पष्ट बाद असताना जिम जॉइस या पंचांनी त्याला सेफ दिलं. रिप्ले पाहिल्यावर त्यांनी चूक कबूल केली, पिचरची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ते प्लेटमागे उभे होते आणि संघाची यादी त्यांच्या हातात द्यायला गालारागाच आला. आमच्या मैदानावर रिप्ले नव्हता. माझे दोन डोळे आणि सहकाऱ्याचे दोन.

आता धावसंख्या १-०, दुसऱ्या बेसवर बरोबरीची धाव. परफेक्ट गेम गेलेला, सामनाही जाऊ शकत होता. डावखुरीनं एकदा आकाशाकडे बघितलं, मांडीवर हात पुसला. पहिला चेंडू बाहेर. मी बॉल दिला. दुसरा बोटभर बाहेर, तोही बॉल. तिच्या बाकावरून उसासा ऐकू आला. मला वाईट वाटलं, पण पहिल्या इनिंगला तो चेंडू बॉल होता. मग दोन स्ट्राइक, त्यातला एक गुडघ्याला अगदी चाटून. आणि पुन्हा तोच ड्रॉप. बॅटर फिरली, चुकली. या वेळी कॅचर दोन्ही गुडघ्यांवर कोसळली, चेंडू पोटाशी धरला आणि उठून बॅटरच्या खांद्याला लावला. चेंडू हवेतच पकडला होता, लावायची गरज नव्हती. मी मोठ्यानं "आऊट!" म्हटलं.

पळून बेसवर पोचलेलीही धरून एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआऊट. स्कोअरशीटवर नो-हिटर, म्हणजे एकही हिट न दिलेला सामना, लागली.

पाणी पीत असताना कॅचर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल. "मॅडम, टप्पा मला कळला होता. मिटला धक्का वेगळा बसतो. पण सगळे ओरडले, मला वाटलं झालं." मी शाळेत पाच वर्षं कॅचर होते. त्या धक्क्यातला फरक मला माहीत आहे. मी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या सामन्यासाठी मुलं नव्यानं फक्की टाकत होती. मैदानाच्या कडेला झाडाखाली डावखुरी मुद्दाम मातीत चेंडू टाकत होती आणि कॅचर प्रत्येक वेळी गुडघ्यांवर पडून तो अडवत होती. एक सुटला तेव्हा पिचर म्हणाली, "हनुवटी खाली घे गं," आणि पुढचा टाकला.