खाणं की व्यायाम? तुम्ही विचारलंत म्हणून

वजन कसं कमी केलंस हे विचारणाऱ्यांचा पुढचा प्रश्न हमखास ठरलेला असतो, खाणं जास्त महत्त्वाचं की व्यायाम? दिवसभराच्या धबडग्यात दोन्ही जमणं कठीण, मग निदान एक काहीतरी धरून ठेवावं असं वाटतं आणि ते मला अगदी समजतं. प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं. तर माझं उत्तर असं की दोघांची कामं वेगळी आहेत. वजन उतरतं ते मुख्यतः खाण्यामुळे. उतरलेलं परत चढू न देणं आणि उतरताना अंगातली ताकद टिकवणं, हे काम व्यायामाचं. जे कंटाळून सोडून देतात त्यातल्या बऱ्याच जणांनी एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला बघितलेलं असतं, म्हणजे रोज तासभर घाम गाळायचा आणि ताट होतं तसंच ठेवायचं, नाहीतर खाणं इतकं तोडायचं की जिना चढताना गरगरायला लागतं.

हे पटायला एक साधा हिशोब पुरतो. तेलाचा एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली, यात साधारण 120 कॅलरी असतात. 70 किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला तर बसून राहण्यापेक्षा 40-50 कॅलरी जास्त जळतात. म्हणजे तो एक चमचा जाळायला अडीच-तीन किलोमीटर चालायचं. आता स्वयंपाक करताना बघा, बाटली तिरकी केली की धार पडते, पॅनमध्ये पसरून पातळ चकचकीत थर होतो, कमी वाटतं म्हणून बाटली अजून एकदा तिरकी होते. पडलं किती ते कुणालाच माहीत नसतं. एकदा तेवढंच तेल चमच्याने मोजून ओता, दोन-तीन चमचे सहज भरतात. आणि भाजी एका चमच्यातही छान होते, फक्त आच मंद ठेवायची, झाकण ठेवायचं आणि खाली लागतेय असं वाटलं की पाण्याचा हबका मारायचा. तेल वाईट असतं म्हणून हे सांगत नाहीये हं, 1 ग्रॅम फॅटमध्ये 9 कॅलरी आणि प्रोटीन किंवा कार्ब्जमध्ये 4, त्यामुळे ते डोळ्याला न दिसता पोटात जातं, एवढंच.

"मी तर काहीच खात नाही तरी काटा हलत नाही" असं म्हणणारे खूप भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. न्यू यॉर्कमधल्या संशोधकांनी अशाच लोकांना तपासलं होतं, 1992 मध्ये त्याचा पेपर आला. या लोकांचा मेटाबॉलिझम, म्हणजे शरीर कॅलरी जाळतं तो वेग, नॉर्मल निघाला, पण ते जितकं खात होते त्यापेक्षा सरासरी 47 टक्के कमी सांगत होते आणि हालचाल 51 टक्के जास्त सांगत होते. मला यात त्या लोकांचा दोष अजिबात वाटत नाही. भाजी चाखताना गेलेले दोन चमचे, मुलांच्या ताटात उरलेलं टाकवत नाही म्हणून उभ्या उभ्या खाल्लेलं, कुणीतरी पुढे केलं म्हणून उचललेला तुकडा, हे सगळं आपण "खाणं" म्हणून धरतच नाही. बसून जेवलेलंच तेवढं लक्षात राहतं. म्हणून मी एकच नियम केला, जे काही खायचं ते ताटलीत घेऊन, बसून. इतकी छोटी गोष्ट, पण दिवसातलं कितीतरी खाणं यातच आपोआप गळून जातं कारण एका घासासाठी ताटली घेऊन बसायचा कंटाळाच येतो.

ताटात काय असावं? अर्ध ताट भाज्या, कच्च्या शिजवलेल्या कशाही, पाव ताट प्रोटीन म्हणजे डाळी कडधान्यं अंडी मासे दही जे तुम्ही खात असाल ते, आणि उरलेलं पाव धान्य. सुरुवात भाजी आणि प्रोटीनने करायची, धान्य नंतर. प्रोटीनने पोट लवकर भरतं, भरलेलं राहतं आणि ते पचवायलाच शरीराला जास्त खर्च येतो, त्यातल्या 20 ते 30 टक्के कॅलरी पचनातच जातात. तुम्ही कार्ब्ज कमी करा की फॅट कमी करा यावर वाद घालत बसू नका, स्टॅनफर्डच्या 2018 च्या ट्रायलमध्ये 609 लोकांना दोन गट करून वर्षभर या दोन पद्धतींवर ठेवलं होतं आणि दोन्ही गटांच्या उतरलेल्या वजनात फारसा फरक दिसला नाही. जे तुम्हाला वर्षभर झेपेल ते तुमचं डाएट.

पाकिटातल्या खाण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत केव्हिन हॉल या संशोधकांनी 20 जणांना महिनाभर तिथेच ठेवून घेतलं, दोन आठवडे अल्ट्राप्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात खूप प्रक्रिया करून बनवलेलं, खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, फॅट, मीठ, फायबर सगळं सारखं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. अल्ट्राप्रोसेस्डवाल्या दिवसांत लोक रोज साधारण 500 कॅलरी जास्त खायला लागले आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढले, साध्या खाण्यावर तेवढेच उतरले. हे 2019 चं काम. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की कुणालाही मन मारायला सांगितलेलं नव्हतं, खाणं बदललं आणि भूक आपली आपण जागेवर आली. म्हणून मी म्हणते की इच्छाशक्तीवर भिस्त ठेवू नका, घरात काय आणून ठेवताय तिकडे बघा. संध्याकाळी भुकेल्या पोटी घरी आल्यावर हाताशी जे असेल तेच तोंडात जाणार, मग उकडलेलं अंडं किंवा फळ कापून ठेवलेलं असलं तर ते जाईल. गोड पेयं आणि फळांचे ज्यूस हे तर पहिल्याच दिवशी बंद करण्यासारखं, कारण प्यालेल्या कॅलरीने पोट भरल्यासारखं वाटतच नाही. अख्खं फळ खा की, त्याला कोण नाही म्हणतंय.

झोपेचं कुणी विचारत नाही पण मी सांगणार. शिकागोच्या संशोधकांनी 2022 मध्ये कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या लोकांना रोज तासभर जास्त झोपायला लावलं, डाएटबद्दल एक शब्द न बोलता, आणि ते रोज साधारण 270 कॅलरी कमी खायला लागले. रात्री एक वाजता लागणारी भूक ही बरेचदा झोप असते.

आता व्यायाम. वजन उतरवायला तो थोडाच हातभार लावतो असं मी वर म्हटलं, म्हणून तो सोडू नका, प्लीज. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर गेलेल्या वजनातला पाव हिस्सा तरी चरबी सोडून बाकीचा असू शकतो, त्यात स्नायू आले. म्हणजे काटा खाली जातो पण बरणीचं झाकण उघडत नाही. डब्ल्यूएचओच्या 2020 च्या गाइडलाइन्समध्ये आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असं दिलंय, आणि लोक पहिलं वाक्य वाचतात, दुसरं सोडून देतात. जिमच हवी असं काही नाही. न डगमगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, तिच्याकडे पाठ करून समोर उभे राहा, दोन पायांत खांद्याइतकं अंतर, हात पुढे, आणि हळू खाली जा, मनात तीन आकडे मोजत, बूड खुर्चीला नुसतं टेकलं की टाचांवर जोर देऊन वर या. धपकन बसायचं नाही, व्यायाम तो खाली जातानाचाच आहे. दहा वेळा झालं की मांड्या बोलायला लागतात. तसंच भिंतीवर हात टेकून पुशअप, ते सोपे वाटायला लागले की ओट्यावर हात टेकून, मग जमिनीवर. गुडघा दुखत असेल तर आधी दाखवून घ्या, रेटू नका.

आणि उरलेल्या दिवसाचं काय? तासभर व्यायाम करून बाकी दिवस खुर्चीत, असं नको. मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हाइन यांनी 1999 मध्ये 16 जणांना आठ आठवडे रोज 1000 कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना सारखंच, पण कुणाची चरबी अर्धा किलोसुद्धा वाढली नाही आणि कुणाची चार किलोच्या वर वाढली. ज्यांची वाढली नाही ते नकळत जास्त हलत होते, उठत बसत होते, चुळबुळ करत होते. फोन आला की उठून फेऱ्या मारा, जिने चढा, जवळचं काम चालत करा. 10,000 पावलांचं टेन्शन घेऊ नका, तो आकडा 1965 मध्ये जपानात निघालेल्या एका पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजायच्या यंत्राच्या, जाहिरातीतून आलाय, कुठल्या प्रयोगातून नाही. आज 3000 होत असतील तर 5000 करा, फरक पडतो.

वजन उतरवून टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही अमेरिकेत 1994 पासून चालू आहे, निदान साडेतेरा किलो कमी करून वर्षभर टिकवलेलेच त्यात येतात. त्यातले बहुतेक लोक रोज तासभराच्या आसपास व्यायाम करतात, सगळ्यात जास्त चालण्याचाच, आणि बरेच जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. व्यायामाचं काम टिकवण्याचं आहे असं मी म्हणते ते यामुळेच.

वजनकाट्यावरून मन खचू देऊ नका. पहिल्या आठवड्यात दोन किलो जातात त्यात बरंचसं पाणी असतं, कारण शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे कार्ब्जच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं आणि ते साठे आधी उतरतात. मग तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला की लोक घाबरून खाणं अजून तोडतात. एखादं खारट जेवण, पाळीच्या आधीचे दिवस, यातसुद्धा किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी बघा, आणि रोजच्या आकड्याने जीव कासावीस होत असेल तर काटा बाजूला ठेवून कंबर मोजा. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे, मग कुणी काहीही म्हणो.

"आता चाळिशीनंतर कुठे उतरणार" हेही खूप ऐकते. 2021 मध्ये 6400 हून जास्त लोकांच्या मोजमापांवरून दिसलं की शरीराच्या आकाराचा हिशोब धरला तर 20 ते 60 वयात मेटाबॉलिझम जवळपास तसाच राहतो. वय आड येतंय असं म्हणून स्वतःला बाद करू नका. आणि खूप उतरलं तरच उपयोग असंही नाही, अमेरिकेतल्या डायबेटिसच्या मोठ्या ट्रायलमध्ये, 2002 ची, वजन 7 टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल करायची एवढंच ध्येय होतं, आणि धोक्याच्या उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. 80 किलोच्या माणसाला 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो.

इन्सुलिन किंवा शुगरच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, डोस बदलावा लागू शकतो. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन विचारूनच वाढवा. गरोदर असाल, किंवा खाण्यावरून मनाला आधीच त्रास होत असेल, तर यातलं काही स्वतःहून करू नका.

बाकीच्यांनी आजच सगळं बदलायला जाऊ नका. तीन दिवस, त्यात एक सुट्टीचा धरून, तोंडात गेलेलं सगळं लिहा, तेल चमच्यात मोजून लिहा, चाखलेलं पण लिहा, झोपलात किती तेही लिहा. ते घेऊन मला विचारा, मग तुमच्या ताटात आधी काय हलवायचं ते आपण बसून बघू.