तुम्ही विचारलंत म्हणून : बजाजनगरासारखी संस्था आज काढता येईल का?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांत नुकती कायम झालेली मुलं नेहमी विचारतात, ‘इथल्या बजाजनगरात कामगारांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढून घरं बांधली, तसं आम्हाला जमेल का?’ जमेल. फक्त घराचा नकाशा नंतर काढा, आधी जमिनीचे कागद बघा.

एमआयडीसीची (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची) जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. ती मालकीची होत नाही, पण तिचे कागद सरळ असतात. आसपासच्या गावांत शंभराच्या बाँडवर घेतलेल्या गुंठ्याला खरेदीखत नसतं, म्हणून बँक दारात उभी करत नाही. गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले असे छोटे प्लॉट, नियमित होईल या आशेवर राहू नका. २०२१ च्या कायदा दुरुस्तीने ती सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांनाच दिली होती.

संस्थेच्या नोंदणीला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान ५ जण किंवा मंजूर नकाशातल्या घरांच्या ५१ टक्के, यात जो आकडा मोठा तो लागतो. म्हणजे २४ घरांना १३ सभासद. सगळ्यात महागात पडते ती एकच चूक : ‘सध्या सोयीसाठी’ म्हणून जमीन मुख्य प्रवर्तकाच्या, म्हणजे संस्था उभी करण्यात पुढाकार घेणाऱ्याच्या, नावावर घेणं. माणूस प्रामाणिक असला तरी उद्या त्याचे वारस सातबाऱ्यावर येतात आणि सगळी संस्था कोर्टाच्या पायऱ्या चढते. पैसे नियोजित संस्थेच्या बँक खात्यात आणि जमीन संस्थेच्याच नावावर, एवढं सोडू नका.

पाया काळ्या मातीत ठेवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीही तिच्यासोबत हलतात. पक्का मुरूम लागेपर्यंत खणा, चार फूट जास्त लागले तरी चालेल. रांगेतल्या घरांची मधली भिंत सामाईक असते. शेजाऱ्याने विटांच्याच भिंतीवर मजला चढवला की तडे तुमच्या खोलीत येतात. पुढे मजला चढवायचाच असेल तर आरसीसी कॉलम सुरुवातीलाच घ्या.

आणि मजला चढतोच. जालना, बीड, परभणीहून येणाऱ्या नव्या कामगाराला खोली लागते, जुन्या कामगाराला निवृत्तीनंतर भाडं लागतं. औद्योगिक वसाहतीत नवख्यांना छप्पर मिळतं ते बरंचसं अशा वरच्या खोल्यांमुळे. शहर वाढण्याची ही तऱ्हा मला मनापासून मोलाची वाटते. पण एका कुटुंबाच्या हिशेबाने टाकलेली गटारलाइन चार बिऱ्हाडांचं पाणी कसं वाहून नेणार? तुंबल्यावर ते काम ग्रामपंचायतीचं की एमआयडीसीचं, यात महिने जातात.

म्हणून संस्था घर मिळेपर्यंतच चालवू नका. बांधकाम खर्चाच्या पाव टक्का सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठीचा राखीव निधी) आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधी दरवर्षी जमा करा. ८ लाखांच्या घराला ते २,००० आणि ६,००० होतात. २४ घरांची मुख्य लाइन सहा इंचांची न टाकता नऊ इंचांची टाका, उतार शंभर फुटांना एक फूट द्या आणि प्रत्येक वळणावर चेंबर ठेवा.