नंबर ब्याण्णव आणि आमची मार्चची सहल

आपल्या शिकागोच्या मराठी मंडळाचा गणपतीला हॉल भरतो, दिवाळीला पार्किंग मिळत नाही, पण मार्चच्या सहलीचं म्हणाल तर ग्रुपवर "आम्ही नक्की" लिहिणारे ढीगभर आणि तिकिटं काढायची वेळ आली की निम्म्या लोकांना मुलांचे क्लासेस आठवतात. गेल्या वेळी तर एक फॅमिली फिनिक्सपर्यंत आली आणि तिथून परस्पर व्हेगासला गेली, नाव घेत नाही. असो.

सहल म्हणजे स्प्रिंग ब्रेकमधले मोजके दिवस, शिकागोचा बर्फ मागे टाकून ऍरिझोनात. अध्यक्षांचं स्वागत, हिशोब, नव्या कमिटीची ओळख हे पहिल्या रात्री हॉटेलच्या लॉबीत उरकतं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मार्चमध्ये आपण घड्याळ एक तास पुढे करतो, ऍरिझोना करत नाही, त्यामुळे तोवर आपल्यात आणि त्यांच्यात दोन तासांचा फरक पडलेला असतो आणि पहाटे चारला सगळं मंडळ टक्क जागं, चहा कुठे मिळेल विचारत.

मग सकाळी ऊन चढायच्या आत मेसाजवळच्या युजरी माउंटन पार्कमध्ये. आमच्या बॉटनीवाल्या वहिनी दरवर्षी सग्वारोसमोर उभं राहून सांगतात की या निवडुंगाला पहिला हात फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात आणि सग्वारो दीडशे वर्षांच्या पुढेही जगू शकतो, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की आपल्या मंडळाची घटनादुरुस्ती पण याच स्पीडने चाललीय. चोया नावाचा निवडुंग नुसता घासला तरी त्याचा गोळा अंगाला चिकटतो, तो हाताने ओढायचा नाही, फणीने उडवायचा, म्हणून वहिनींच्या पर्समध्ये फणी असतेच. मेसात संत्र्याच्या बागा अजून थोड्या उरल्यात, मार्चमध्ये फुललेल्या असतात, तिथे आमच्या काटोलच्या जोडप्याला गाडी थांबवायचीच असते, दोघं खाली उतरून वास घेत उभे राहतात आणि आंबिया बहारावर चर्चा सुरू, मागे दोन व्हॅन खोळंबलेल्या.

दुपारी बेसबॉलची मॅच. कॅक्टस लीग म्हणजे सीझनआधीच्या सराव मॅचेस, त्यात पंधरा टीम्स आणि सगळी मैदानं फिनिक्समध्ये आणि आसपासच्या गावांत, त्यामुळे आपण कधी नाव न ऐकलेली उपनगरं बघून होतात. उपनगर म्हणायचं खरं, पण मेसाची वस्ती पाच लाखांच्या वर, म्हणजे मिनिआपोलिसपेक्षा मोठं. पिओरिया तर आपल्या इलिनॉयच्या पिओरियाहून गेलेल्या लोकांनी वसवलं, तिथे ग्रुप फोटो कंपल्सरी. सन सिटीत रस्त्यावरून गोल्फ कार्टमधून फिरणारे आजी-आजोबा बघून आमचे पन्नाशीचे लोक लगेच घरांच्या किमती विचारायला लागतात. कुठली मॅच बघायची यावरून मात्र दरवर्षी भांडण. आपल्या शिकागोच्या दोन टीम्सपैकी कब्ज १९५२ मध्ये पहिल्यांदा मेसाला आले, त्यांचं स्लोन पार्क पंधरा हजारांचं आणि आउटफिल्डमागे सतरंजी टाकायला झकास हिरवळ, पण शहराच्या साउथ साइडवाल्यांना ग्लेनडेललाच जायचं असतं, दुसऱ्या टीमसाठी, व्हाइट सॉक्ससाठी. मी कब्जवाली आहे, तेव्हा माझं मत विचारू नका.

पण खरं सांगू का, मी जाते ती काकांसाठी.

काका रेडिओवर बाळ ज. पंडितांची क्रिकेटची मराठी कॉमेंट्री ऐकत मोठे झालेले. दुपारभर मांडीवर वही घेऊन एकेक चेंडू लिहितात, आणि शेवटच्या संध्याकाळी पार्कातल्या रमाड्याखाली, म्हणजे उघड्या मांडवाखाली, सगळे धपाटे-दही खाऊन सैलावले की वहीची गुंडाळी करून माइकसारखी धरतात आणि दुपारचीच मॅच मराठीत ऐकवतात. स्टार लोकांना ते झटपट आटपतात. नऊपैकी पाचव्या इनिंगनंतर स्टार निघून जातात, निम्मं पब्लिकही उठतं आणि मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या लीगची पोरं मैदानात येतात, नंबर ऐंशी-नव्वदच्या घरातले, बऱ्याच जणांच्या पाठीवर नावसुद्धा नसतं. काकांची कॉमेंट्री खरी तिथे सुरू होते. "लेफ्ट फील्डला नंबर ब्याण्णव. टोपी दोनदा काढली, दोनदा घातली. त्याच्याकडे अजून एकही चेंडू आलेला नाही, पण मंडळी, तो प्रत्येक चेंडूला दोन पावलं पुढे येतोय." हे मी दुपारी तिथेच बसून पाहिलं नव्हतं, फोनवर होते. दरवर्षी या जागी माझा घसा दाटतो, आमचे अहो हसतात, हसू देत. एकदा मॅच बरोबरीत सुटली, या सराव मॅचेसमध्ये तसंच सोडून देतात, तर पोरांनी विचारलं जिंकलं कोण, काका म्हणाले, "ब्याण्णवला शेवटी एक कॅच मिळाला, ते लिहून घ्या."

आता आभार, आणि प्लीज कोणी राहिलं तर रुसू नका. रमाडा जानेवारीतच बुक करणारी जोडी, तिकिटांचे पैसे आधी स्वतःच्या कार्डावर भरणारे खजिनदार (अजून तिघांनी परत दिलेले नाहीत), दोन्ही व्हॅनचे ड्रायव्हर, रात्री जागून धपाटे लाटणाऱ्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई, सनस्क्रीनची पिशवी सांभाळणारा कॉलेजचा मुलगा, काकांना चष्मा, पाणी, पेन वेळेवर देणारी त्यांची नात, फणीवाल्या वहिनी पुन्हा एकदा, आणि हो, सतरंज्या घरी नेऊन धुणारे ते नेपरव्हिलचे दादा, ज्यांचं नाव गेल्या वर्षीच्या अहवालात सुटलं होतं आणि त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही.

पुढच्या मार्चची नावं दिवाळीपर्यंत द्या. ज्यांना व्हेगासला जायचंय त्यांनी आधीच सांगा, व्हॅन छोटी घेता येते.