तुम्ही विचारलंत म्हणून: फौजी घरासाठी त्या दिवशी काय करायचं?

जुलै संपत आला की, कारगिल विजय दिवसाच्या तोंडावर, आणि मग परत डिसेंबर-जानेवारीतल्या सैनिकांच्या दिवसांना, मला ठरलेला प्रश्न येतो. कधी शाळेतल्या एखाद्या मॅडमचा फोन, कधी सोसायटीच्या सेक्रेटरींचा मेसेज, कधी जुनी मैत्रीण. "तुझे वडील फौजेत होते ना, मग या दिवशी आम्ही माजी सैनिकांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी नेमकं काय करू? सत्कार ठेवला तर आवडेल का?" मी इतकी वर्षं, हो हो ठेवा, बरं वाटेल त्यांना, असं म्हणून फोन ठेवत आले, पण ते काही खरं उत्तर नव्हतं, आणि यंदा तिघांनी विचारलं तेव्हा ठरवलं की एकदा नीट बसून लिहायचं.

आधी आमच्या अण्णांबद्दल सांगते. १९८० ला भरती, १९९७ ला हवालदार म्हणून पेन्शनवर घरी. तेव्हा वय किती तर छत्तीस. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की जवान इतक्या लवकर रिटायर होतो, मुलं शाळेत असतात, घराचा स्लॅब पडायचा असतो, आणि हातातली नोकरी संपलेली असते. अण्णा पुढची वीस वर्षं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे होते. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते फक्त वॉचमन होते आणि त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, म्हणून मीही इथे जास्त काढत नाही.

दर २६ जुलैला त्यांना कुठून ना कुठून बोलावणं येतं. ते ब्लेझर घालतात, मेडल्स लावतात, वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन बसतात (फौजी माणूस, वेळेवर म्हणजे आधीच). शाल, नारळ, फोटो. आणि सूत्रसंचालन करणारा माईकवर सांगतो, कारगिलचे आपले वीर. एका वर्षी घरी आल्यावर अण्णा बराच वेळ ब्लेझर न काढता तसेच खुर्चीत बसून राहिले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "अगं, मी नव्हतो कारगिलला. नव्व्याण्णवला मी घरी होतो. तिथली ५२७ पोरं परत आली नाहीत, आणि त्यांच्या दिवशी मी हार घालून घेतो. कसंतरी होतं."

मग म्हटलं सांगायचं ना तिथेच. तर म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगेन ना."

अण्णांची लढाई वेगळी होती, श्रीलंकेतली. २९ जुलै १९८७ ला भारत-श्रीलंका करार झाला, शांतिसेना म्हणून आपल्या पलटणी तिकडे गेल्या, आणि ऑक्टोबरमध्ये ज्यांच्यात समेट घडवायला गेलो त्यांच्यातल्याच तमिळ वाघांशी (एलटीटीई) जाफन्याच्या गल्लीबोळांत लढाई सुरू झाली. ऑपरेशन पवन. शेवटची तुकडी परत निघाली ती मार्च १९९० मध्ये. तोपर्यंत जवळपास १२०० जवान जिवानिशी गेले होते. आपल्याच मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन, महार रेजिमेंटचे, २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून लढले आणि तिथेच गेले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. किती मुलांना हे नाव माहीत आहे? शाळेच्या कॅलेंडरमध्ये कारगिल असतं, १६ डिसेंबरचा विजय दिवस असतो, आणि असायलाच हवं. पण जी लढाई जिंकलो असं ठणकावून सांगता येत नाही, तिथला जवान कुठल्या तारखेला बोलावला जाणार?

त्यामुळे पहिलं उत्तर हे की सत्कार ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण आदल्या आठवड्यात एकदा घरी जाऊन बसा. कुठे होतात, कुठल्या पलटणीत, सोबत कोण होतं, आणि आज कुणाचं नाव घेतलेलं तुम्हाला आवडेल, एवढं विचारा. हे शेवटचं तर विचाराच. फौजी माणूस स्वतःबद्दल बोलायला सांगितलं की आक्रसतो, पण जो परत आला नाही त्याच्याबद्दल विचारलं की सावकाश का होईना बोलतो.

आता आईबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्रश्नातल्या "घरच्यांसाठी" या शब्दापाशी सगळे जण पटकन पुढे जातात.

अण्णा तिकडे गेले तेव्हा मी चार वर्षांची आणि धाकटा पाळण्यात. आईचं वय चोवीस. सासू-सासरे, दोन म्हशी, दीड एकर. पत्ता काय, तर नंबर, हुद्दा, नाव, पलटण, द्वारा ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. म्हणजे माणूस नेमका कुठे आहे ते पत्त्यावरून कळायचंच नाही. पत्रं कशीही यायची, आधीचं नंतर, नंतरचं आधी, कधी पंधरा दिवस काहीच नाही आणि मग तीन एकदम. म्हणून दोघांनी ठरवून घेतलेलं की पत्राच्या कोपऱ्यात नंबर टाकायचा. आई घरातल्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेला आलेल्या पत्राचा नंबर लिहून ठेवायची, १७ आलं, १४ अजून नाही, आणि १४ आलं की त्याला गोल करायची. तिचा सगळा धीर त्या आकड्यांवर होता. मोठा आकडा आला म्हणजे माणूस आहे.

आमच्या शेजारच्या गावातले एक काका अण्णांच्याच प्लाटूनमध्ये होते. दोघं एका दिवशी भरती झालेले, सुट्टीवर यायचे तर एका ट्रंकेवर दुसऱ्याची ट्रंक ठेवून, एसटीच्या टपावर टाकून. ते काका ऑक्टोबरच्या शेवटी जाफन्यात कामी आले. काकूंना तार मिळाली ती काही दिवसांनी. काकू तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, पदरात एक मुलगी.

परवाच्या १४ जानेवारीची गोष्ट. हा आता सशस्त्र सेना माजी सैनिक दिन असतो, आपले पहिले भारतीय सरसेनापती फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच दिवशी निवृत्त झाले म्हणून. आपल्याकडे त्या दिवशी बहुतेक वेळा संक्रांत, त्यामुळे लक्षात कुणाच्याच राहत नाही. तर त्या दिवशी गावातल्या शाळेचे एक सर आणि सातवीतल्या दोन मुली घरी आल्या, तिळगूळ घेऊन, वहीत प्रश्न लिहून. अण्णांना विचारून झालं आणि निघता निघता त्यातली एक मुलगी आईकडे वळून म्हणाली, "आजी, आजोबा तिकडे होते तेव्हा तुम्ही काय करायचात?"

आईला आजवर हा प्रश्न कुणीही विचारलेला नव्हता, मीसुद्धा नाही, हे मला त्या क्षणी कळलं आणि फार लाज वाटली.

आईने फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात सगळी पत्रं, नंबरानुसार, दोऱ्याने बांधलेली. तिने मुलींना नंबरांचं सांगितलं, कॅलेंडरचं सांगितलं, सासऱ्यांना वाचून दाखवताना कुठलं वाक्य गाळायची ते सांगितलं, शेजाऱ्यांच्या रेडिओवर बातम्या लागल्या की म्हशींकडे निघून जायची ते सांगितलं. आणि मग सहज म्हणाली, "सगळी आली बघ, एक तेवीस नंबरचं तेवढं पोस्टात गहाळ झालं. बावीसनंतर एकदम चोवीस आलं."

अण्णा खिडकीपाशी होते. म्हणाले, "गहाळ नाही झालं. मी टाकलंच नाही ते."

आम्ही सगळेच गप्प. मग हळूहळू सांगितलं त्यांनी. काका गेले त्या रात्री ते पत्र लिहिलं होतं, त्यात सगळं लिहिलं होतं. सकाळी डाकेत टाकायच्या वेळी लक्षात आलं की तार अजून गेली नसेल. हे पत्र आधी पोचलं तर आई वाचणार, आईच्या तोंडावरून सासूला कळणार, दोन दिवसांत शेजारच्या गावात जाणार, आणि त्या पोरीला असं कुणाच्या तरी तोंडून कळणार. म्हणून खिशातच ठेवलं, पावसात लगदा झाला त्याचा, आणि पुढच्या पत्रावर चोवीस घातलं कारण तेवीस लिहून झालं होतं. त्या चोवीसमध्ये फक्त पाऊस फार आहे, म्हैस व्याली का, एवढंच आहे. मी नंतर काढून वाचलं.

तीस-पस्तीस वर्षं एका घरात राहून दोघांनी एकमेकांना हे सांगितलं नव्हतं, आणि एका बारा वर्षांच्या मुलीच्या एका प्रश्नाने ते बाहेर आलं. त्यामुळे मला विचाराल तर त्या दिवशी स्टेजवर दोन खुर्च्या ठेवा, आणि माईक एकदा दुसऱ्या खुर्चीकडेही द्या. बायको असेल, आई असेल, काही घरांत आता नवरा असेल, कारण मुलीही फौजेत आहेत. "यांचीही साथ होती" असं एका ओळीत उरकू नका, विचारा की त्या वर्षी शेताचं कोणी बघितलं, पोरांच्या तापाला रात्री दवाखान्यात कोण घेऊन गेलं.

आणि आता काकूंबद्दल, ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले.

काकूंना कार्यक्रमाला बोलावतात. वीरनारी म्हणून पहिल्या रांगेत बसवतात, साडी देतात, टाळ्या होतात, लोक उभे राहतात. हे सगळं मनापासून असतं, मी पाहिलंय. पण त्याच जानेवारीत, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं, आणि त्याच बायका, त्याच टाळ्या वाजवणाऱ्या, काकूंच्या दारावरून पुढच्या घरी बोलावणं करायला जातात. बाविसाव्या वर्षापासून. वाईट हेतूने नाही, रीतच आहे म्हणून. पण मला सांगा, देशासाठी गेला त्याचा मान आपण करतो आणि त्याच्या जाण्याचा डाग तिच्या कपाळावर ठेवतो, हे एकाच महिन्यात कसं जमतं आपल्याला?

हे बदलता येतं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं सगळं बंद, आणि मग सरकारनेही इतर गावांना तसंच करा म्हणून सांगितलं. त्याच तालुक्यात सैनिक टाकळी आहे, नावातच सैनिक असलेलं गाव. म्हणजे हे कुठे लांबचं नाही.

काकूंना आम्ही दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारकात घेऊन गेलो होतो. ते २५ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालं, म्हणजे काकांचं नाव राजधानीत दगडावर यायला बत्तीस वर्षं लागली. तिथे त्याग चक्र म्हणून भाग आहे, गोल गोल भिंती, ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव, पंचवीस हजारांच्या वर नावं आहेत. नाव सापडल्यावर काकू रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पदराने ती वीट पुसली, घरातला फोटो पुसतात तशी, मग शेजारच्या दोन विटाही पुसल्या. म्हणाल्या, "यांच्याकडचं कोणी आलं असेल-नसेल."

बाकीचं पटकन सांगते. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून चालू आहे, लाल, गडद निळा, फिकट निळा असा छोटा झेंडा. तो खिशाला लावताना पैसे जरा हात मोकळा सोडून द्या, ते लढाईत जायबंदी झालेल्यांना, वीरनारींना, माजी सैनिकांच्या घरांना जातात. मी स्वतः सैनिक कल्याण विभागाच्या मुलींच्या वसतिगृहात राहून शिकले, नाहीतर दहावीनंतर माझं काय झालं असतं माहीत नाही. नोव्हेंबरमध्ये ओळखीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माजी सैनिकाला किंवा फॅमिली पेन्शनवाल्या आजींना हयातीचा दाखला मोबाईलवर काढून द्या, त्यांची बोटं मशीनवर उमटत नाहीत आणि रांगेत उभं राहून पाय सुजतात. गावात स्मारकाचा दगड असेल तर त्यावरची अक्षरं पुसट झालीत का बघा आणि रंगवायच्या आधी त्या घरी जाऊन नावाचं स्पेलिंग, बापाचं नाव, सगळं विचारून घ्या. चुकलेलं नाव घरच्यांना दर वेळी टोचतं.

तर ती १४ तारीख. मुली गेल्यावर आई बराच वेळ डबा मांडीवर घेऊन बसली होती. मग उठली, पातळ बदललं आणि अण्णांना म्हणाली, गाडी काढा. दोघं शेजारच्या गावी गेले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, तेवीस नंबरचं सांगितलं असणार एवढं नक्की. पण येताना आई हळदीकुंकवाचं सांगून आली होती. त्या रविवारी काकू आल्या, पण उंबऱ्याबाहेर चप्पल काढून तिथेच थांबल्या. आत बारा-पंधरा बायका होत्या, बोलणं जरासं थांबलं. आई करंडा घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली. काकूंनी मान मागे घेतली, म्हणाल्या, "मला नको गं, तुझ्या घरात अजून..." आईने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. एका हाताने त्यांची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताने कुंकू लावलं, आमच्या लहानपणी लावायची तसं, जरा जास्तच. मग आमच्या शेजारच्या वहिनी उठल्या आणि त्यांनी लावलं. मग अजून तिघी. दोघी नाही उठल्या, तेही सांगायला हवं.

वाण म्हणून स्टीलचे छोटे डबे होते. काकूंनी तो डबा निघेपर्यंत हातातून खाली ठेवला नाही.

यंदा काकूंनी स्वतःच्या घरी ठेवलंय, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी. त्यांची मुलगीही येणार आहे पुण्याहून. आईने मला आदल्या रात्रीच बोलावलंय, तिळाच्या वड्या दोघींच्या घरच्या मिळून करायच्यात म्हणून.